स्कूटरवरून ऑटोमॅटिक मोटरसायकलवर: डावा हात मोकळा, उजवा पाय कामाला

वर्षानुवर्षं ॲक्टिव्हा, ॲक्सेस किंवा ज्युपिटर चालवलेल्या माणसाला मोटरसायकल घ्यावीशी वाटते आणि क्लचची धास्ती वाटते, तेव्हा तो ऑटोमॅटिककडे वळतो. हिशोब साधा असतो: क्लच नाही, गिअरचा पाय नाही, म्हणजे मोठी स्कूटरच. यातला अर्धा भाग खरा आहे. क्लचची अडचण सुटते हे नक्की, पण तिच्या जागी दुसरी अडचण येते आणि ती उजव्या पायाशी असते. शोरूममध्ये याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

आधी ‘ऑटोमॅटिक’ म्हणून काय विकलं जातं ते पाहू, कारण एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी खपतात.

पहिली होंडाची डीसीटी, म्हणजे ड्युअल क्लच. २०१० च्या व्हीएफआर१२००एफ या गाडीपासून ती मोटरसायकलवर आली. आत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, पण क्लच दोन. एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. दोन्ही क्लच ऑइलच्या दाबाने बसतात आणि तो दाब कॉम्प्युटर ठरवतो. तिसऱ्यात चालताना चौथा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो, त्यामुळे ताकद तुटत नाही. आफ्रिका ट्विन भारतात २०१७ मध्ये आली ती डीसीटीसहच. गोल्ड विंगला सात गिअरची डीसीटी आहे. २०२५ मध्ये आलेली एक्स-एडीव्ही ही ७४५ सीसीची, साधारण बारा लाखांची गाडीही याच घरातली.

दुसरा प्रकार एएमटीचा, म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स, पण आपोआप चालणारा. यामाहाची वाय-एएमटी, बीएमडब्ल्यूची एएसए आणि केटीएमची एएमटी या सगळ्यांत क्लच एकच असतो. गिअर बदलण्याचं काम मोटर करते; क्लच दाबण्याचंही तीच करते, फक्त केटीएममध्ये तो इंजिनच्या फेऱ्यांनुसार आपोआप धरतो आणि सुटतो. एएमटी कार चालवलेल्यांना गिअर बदलतानाचा तो हलका झोका माहीत असेल. मोटरसायकलवर तो बराच कमी जाणवतो, कारण गिअरबॉक्स छोटा असतो आणि गिअर झटकन बदलतो. तरी डीसीटीइतकी सलगता येत नाही.

तिसरा प्रकार होंडाचा ई-क्लच, सीबी६५०आर आणि सीबीआर६५०आर वर मिळणारा. स्कूटरवाले इथे हमखास फसतात. यात फक्त क्लच आपोआप चालतो, गिअर मात्र डाव्या पायानेच टाकावे लागतात. गाडी बंद पडत नाही, सिग्नलला क्लच दाबून धरावा लागत नाही, हे सुख खरं आहे. पण चौथ्या गिअरमध्ये थांबलात तर पहिल्यात आणण्याचं काम तुमचंच. गिअर नकोच असतील तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

पेट्रोलवर चालणारी पूर्ण ऑटोमॅटिक मोटरसायकल हवी तर खिसा दहा-बारा लाखांच्या पुढे हलका करावा लागतो. त्याच्या खाली, क्लच आणि गिअर दोन्ही नसलेली मोटरसायकल म्हणजे इलेक्ट्रिक: रिव्होल्ट आरव्ही४००, अल्ट्राव्हायोलेट एफ७७ वगैरे. ब्रेक, बसण्याची ढब आणि वळणं यांबद्दल पुढे जे येईल ते त्यांनाही लागू आहे. गिअरबॉक्सबद्दलचं सोडून द्या.

लायसन्सचं आधी उरका. स्कूटरचं लायसन्स बहुतेकांकडे ‘एमसीडब्ल्यूओजी’ म्हणजे विनागिअर गाडीचं असतं. डीसीटी किंवा एएमटीला क्लचची दांडी नसली तरी गिअर आहेत, त्यामुळे ‘एमसीडब्ल्यूजी’ हाच वर्ग काढून घ्यावा. ‘साहेब, ही ऑटोमॅटिक आहे’ हा युक्तिवाद अपघातानंतर विमा कंपनीपुढे करून बघण्यासारखा नाही. सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नव्या वर्गासाठी लर्निंग काढायचं, ३० दिवस थांबायचं, मग चाचणी. ती साध्या गिअरच्या मोटरसायकलवर द्यावी लागेल असं धरून चला. म्हणजे शंभर सीसीच्या गाडीवर थोडाफार क्लच शिकणं आलंच, आणि ते वाया जात नाही. ब्रिटनमध्ये किंवा युरोपात राहणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे ऑटोमॅटिकवर चाचणी देता येते, पण मग लायसन्सवर ७८ हा कोड पडतो आणि गिअरची गाडी चालवायला मनाई होते.

आता मुख्य मुद्दा, ब्रेक. स्कूटरवर मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे डावी दांडी दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. याचा परिणाम असा की कितीतरी लोक वर्षानुवर्षं फक्त डाव्या हाताने गाडी थांबवतात आणि उजवी दांडी जवळजवळ विसरतात. त्यांचं भागतं, कारण गाडी शंभर-एकशे दहा किलोची आणि वेग चाळीस-पन्नासचा.

डीसीटी मोटरसायकलवर डाव्या हाताखाली क्लचही नाही आणि ब्रेकही नाही. मागचा ब्रेक उजव्या पायाशी आहे आणि बहुतेक गाड्यांवर तो फक्त मागचाच लागतो. कुत्रं गाडीला आडवं आलं की डाव्या हाताची बोटं आपोआप वळतात आणि हवेत मुठी आवळतात. त्या अर्ध्या सेकंदात गाडी काही मीटर पुढे गेलेली असते. काही गाड्यांवर हँडलच्या डाव्या बाजूला पार्किंग ब्रेकची दांडी असते. ती नेहमीच्या पकडीत येत नाही, आणि तशीच ठेवलेली असते ते बरंच आहे.

एक्स-एडीव्ही इथे अपवाद आहे. तिचा मागचा ब्रेक स्कूटरसारखाच डाव्या हाताला आहे, पायाशी ब्रेकच नाही. ज्याची सवय पंधरा-वीस वर्षांची, त्याच्यासाठी हा मोठा फायदा आहे आणि माझ्या मते त्या गाडीचा सर्वांत कमी सांगितला जाणारा गुण. मात्र सीट ८२० मिमी उंच आणि वजन २३५ किलोच्या आसपास. ॲक्टिव्हाची सीट ७६५ मिमीच्या जवळपास असते. उंची पाच फूट चारच्या आत असेल तर आधी बसून पाहा, आणि नुसतं बसू नका: गाडी साइड स्टँडवरून सरळ करा आणि एका पायावर तोलून धरा.

ब्रेकची सवय बदलायला मोकळं मैदान किंवा रविवारी सकाळचा एमआयडीसीचा रिकामा रस्ता लागतो. २० किमीच्या वेगाने चाला आणि फक्त उजव्या पायाने थांबा. पाय पेडलवर नेमका कुठे टेकतो, किती दाबल्यावर ब्रेक धरतो, हे पायाला कळेपर्यंत पुढे जाऊ नका. पेडल उंच वाटत असेल तर सर्व्हिस सेंटरला खाली करून घ्या. बूट जाड असेल तर हे करावंच लागतं, नाहीतर घोटा अवघडतो आणि नकळत ब्रेक लागलेला राहतो. मग फक्त पुढचा ब्रेक: दोन बोटांनी, आधी हलकं धरून, गाडीचं नाक खाली बसलं की जोर वाढवत न्यायचा. एकदम खेचायचा नाही. एबीएस चाक लॉक होऊ देणार नाही, पण एबीएसच्या भरवशावर ब्रेक मारायला शिकलेला माणूस वाळूवर आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर गोंधळतो. शेवटी दोन्ही एकत्र, आधी ३० वरून, मग ५० वरून. जोरात थांबताना वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं. नुसत्या पायाच्या ब्रेकने अंतर जवळपास दुप्पट होऊ शकतं.

थांबण्याची पद्धतही बदलावी लागते. स्कूटरवाले गाडी थांबायच्या आधीच दोन्ही पाय खाली सोडतात आणि घासत येतात. दोनशेवीस किलोच्या गाडीखाली असा पाय आला तर घोटा जातो. शिवाय पाय खाली म्हणजे मागचा ब्रेक गेला. उजवा पाय पेडलवर, गाडी पूर्ण थांबली की डावा पाय जमिनीवर, हा क्रम. चढावरच्या सिग्नलला तर याच्याशिवाय गत्यंतर नाही: उजव्या पायाने गाडी धरून ठेवा, मूठ हळू पिळा, गाडी पुढे ओढायला लागली की ब्रेक सोडा. रस्त्याचा उतार डावीकडे असेल तर डाव्या पायाला जमीन खोल लागते, म्हणून थांबायची जागा दहा फूट आधीच बघून ठेवा.

अगदी हळू चालवण्यात मात्र स्कूटरवाला बाजी मारतो. गिअरच्या गाडीवर वाढलेले लोक डीसीटीवर यू-टर्न घेताना घाबरतात, कारण अर्धा क्लच दाबून गाडी सावरायची त्यांची सवय असते आणि इथे दांडीच नसते. तुम्हाला ती सवय मुळातच नाही. स्कूटरवर गर्दीत तुम्ही मूठ किंचित पिळून ठेवता आणि डाव्या हाताने मागचा ब्रेक हलका धरून वेग आवरता. तेच इथे करायचं, फक्त ब्रेक पायाने. मूठ पूर्ण सोडून पुन्हा पिळू नका. सोडली की क्लच सुटायला लागतो, पिळली की पुन्हा धरतो, आणि वाकलेली गाडी नेमकी त्या धक्क्याला पडते. पुढचा ब्रेक यू-टर्नमध्ये वर्ज्य.

आणखी एक बारकावा. डी मोडमध्ये, म्हणजे रोजच्या ऑटोमॅटिक मोडमध्ये, डीसीटी फार लवकर वरचा गिअर टाकते. हळू वळतानाच पहिल्याचा दुसरा झाला तर ताकदीत किंचित फरक पडतो आणि नवख्याला ते पुरतं. सुरुवातीचे काही आठवडे अरुंद वळण घेण्याआधी एमटी मोड (गिअर बटणाने आपण बदलायचा मोड) लावा, म्हणजे पहिला गिअर टिकून राहील. एमटीमध्येही वेग फार कमी झाला तर गिअर आपोआप खाली येतात, इंजिन बंद पडत नाही.

स्कूटरच्या सीव्हीटीमध्ये, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या बिनगिअरच्या यंत्रणेत, मूठ पिळली की आधी इंजिनचा आवाज वाढतो, सेंट्रिफ्युगल क्लच धरतो, बेल्ट सरकतो, मग गाडी निघते. हातात ती ढिलाई मुरलेली असते, म्हणून आपण मूठ जरा जास्तच पिळतो. ॲक्टिव्हाचा टॉर्क जवळपास ९ न्यूटन मीटर, ७४५ सीसीच्या डीसीटी गाडीचा ६९. तेवढीच मूठ पिळली तर काय होईल ते सांगायला नको. पहिल्या दिवशी मनगट खाली ठेवून मूठ धरा, म्हणजे खड्ड्यात हाताला हिसका बसला तरी मूठ उघडणार नाही. गाडीत रेन मोड (ताकद सौम्य करणारा) असेल तर तोच लावून ठेवा. त्यात लाज कसली?

घाटात फरक खरा कळतो. स्कूटर उतारावर हळू झाली की तिचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावते, सगळा भार ब्रेकवर. मोटरसायकलवर इंजिन गाडी रोखून धरतं, पण गिअर खालचा असेल तरच. डी मोड ६० च्या वेगाला सहाव्यात जाऊन बसतो, आणि ताम्हिणी किंवा आंबोली तशा गिअरमध्ये उतरणं म्हणजे सतत ब्रेक धरून उतरणं. डाव्या अंगठ्याखालचं ‘वजा’ बटण वळणाच्या आधी एकदा-दोनदा दाबा. डी मोडमध्येही ते चालतं, आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा आपल्या हिशोबाने गिअर टाकते. घाटभर एस म्हणजे स्पोर्ट मोड ठेवला तर आणखी बरं: तो गिअर उशिरा वर नेतो आणि ब्रेक लावला की लवकर खाली आणतो. चढावर ओव्हरटेक करतानाही बटण आधी, मूठ नंतर. नाहीतर गाडी गिअर उतरवायचा निर्णय घेईपर्यंत समोरची एसटी जवळ आलेली असते.

वळणाचंही जरा शिकावं लागतं. दहा-बारा इंचांच्या चाकाची स्कूटर नुसत्या मनात आणलं तरी वळते. सतरा इंचांचं जड चाक सरळ जाण्याचा हट्ट धरतं. वेगात डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी डावीकडे झुकते. स्कूटरवरही हेच घडत असतं, पण तिथे ते जाणवत नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची सवय लावा. फूटबोर्डवर पाय सैल सोडून बसणाऱ्याला ते सुरुवातीला विचित्र वाटतं, पण ब्रेक मारताना शरीर गुडघ्यांवर तोललं की हातांवर भार येत नाही.

गाडी लावताना दोन गोष्टी. होंडाची डीसीटी चावी बंद केली की न्यूट्रलमध्ये जाते. साधी मोटरसायकल उतारावर पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करता येते, ही नाही. पार्किंग ब्रेक ओढल्याशिवाय उतरू नका, आणि गाडी शक्यतो चढाकडे तोंड करून लावा, म्हणजे साइड स्टँड मागे घडी होणार नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: इंजिन चालू ठेवून गेट उघडायला उतरायचं असेल तर आधी एन (न्यूट्रल) दाबा. डी मध्ये असलेल्या गाडीची मूठ कुतूहलाने पिळणारी लहान मुलं प्रत्येक घरात असतात. डी मध्ये साइड स्टँड खाली लावला की इंजिन बंद होतं, ती सोय आहे, पण तिच्यावर विसंबायचं नाही. गॅरेजमध्ये ढकलतानाही इंजिन बंदच असू द्या.

सकाळी थंड गाडीला एन मधून डी मध्ये टाकताना ‘खट्’ असा आवाज येतो. तो दोष नाही, थंड इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरत असतं म्हणून येतो. अर्धा मिनिट थांबा, आवाज कमी होईल. मूठ पिळलेली असेल तर गाडी डी घेतच नाही. गिअरच्या जागी आडवी रेघ लुकलुकायला लागली तर मात्र सिस्टिमने बिघाड पकडला आहे. बाजूला घ्या, बंद करून पुन्हा चालू करून पाहा, आणि तरीही रेघ राहिली तर सर्व्हिस सेंटर.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको. स्कूटरला किक असते, डीसीटीला नाही, आणि ढकलून सुरू करण्याचा पर्यायही नाही, कारण इंजिन फिरल्याशिवाय ऑइलचा दाब नाही आणि दाबाशिवाय क्लच धरत नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर चार्जर लावून ठेवा.

ऑइलमध्ये स्कूटरवाल्यांची एक चूक ठरलेली: घरात उरलेला डबा वापरणं. स्कूटरचं ऑइल बहुधा जासो (ऑइलची जपानी प्रतवारी) एमबी दर्जाचं असतं, घर्षण कमी करणारं. स्कूटरचा क्लच कोरडा आणि इंजिन ऑइलपासून वेगळा, म्हणून तिथे ते चालतं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला एमए किंवा एमए२ लागतं. एमबी घातलं की क्लच घसरायला लागतो: इंजिन गरजतं, गाडी ओढत नाही. डीसीटीमध्ये ऑइल फिल्टर दोन असतात, एक इंजिनचा आणि एक क्लचसाठीचा छोटा. दुसरा प्रत्येक वेळी बदलायचा नसतो, म्हणूनच विसरला जातो. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करत असाल तर पुस्तकातलं वेळापत्रक छापून हातात द्या. सेकंडहँड गाडी घेताना पहिला प्रश्न हाच: क्लच फिल्टर शेवटचा कधी बदलला?

आणि चेन. स्कूटरचा बेल्ट झाकलेला असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. चेनला साधारण दर ५०० किमीला वंगण आणि पावसात त्याहून लवकर. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून खालच्या बाजूच्या मध्यावर चेन बोटाने वर-खाली करून बघा. बहुतेक गाड्यांना ३० ते ४० मिमी ढिलाई चालते, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर असतो. चेन सैल झाली की हळू चालताना गाडी झटके देते, आणि गंमत म्हणजे लोक त्यासाठी गिअरबॉक्सला शिव्या देतात, हजारो रुपयांचं निदान करून घेतात. आधी चेन तपासा. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. सर्वांत महत्त्वाचं: गाडी डबल स्टँडवर लावून, डी मध्ये टाकून, फिरत्या चेनवर फडकं कधीही धरू नका. क्लच नसल्यामुळे हे करायला फार सोपं वाटतं. स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या दातेरी चक्रात) बोट गेलं तर पूर्ण बाहेर येत नाही. चाक हाताने फिरवा, इंजिन बंद.

टायरची हवा पंपावर ‘पुढे बावीस, मागे एकोणतीस’ अशी सवयीने सांगितली जाते. मोठ्या मोटरसायकलला साधारण ३६ आणि ४२ पीएसआय लागते. कमी हवेवर गाडी वळणात जड वाटते, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या गिअरबॉक्सवर.

राहिली रोजची सोय. फूटबोर्ड गेला, म्हणजे गॅसची टाकी, तांदळाची गोणी आणि पायाजवळ उभं राहणारं पोर, तिन्ही गेली. पावसात पायांवर चिखल येणार. डिकीही बहुतेक गाड्यांना नाही. एक्स-एडीव्हीच्या सीटखाली २२ लिटर जागा आहे, त्यात एक मोठं हेल्मेट मावतं. मागे बसणाऱ्याची सीट उंच असते, आणि मागचं माणूस चढताना-उतरताना गाडी डगमगली तर दोनशेवीस किलो सावरणं अवघड. ‘चढू का?’ असं विचारल्याशिवाय मागच्याने चढायचं नाही, हा नियम घरात आधीच ठरवून टाका. आणि जुनी स्कूटर लगेच विकू नका. दूध-भाजीला तीच बरी पडते, आणि नवी गाडी सर्व्हिसिंगला गेली की पार्टची वाट बघत किती दिवस तिथे राहील याचा नेम नसतो. मात्र दोन्ही आलटून पालटून चालवणार असाल तर प्रत्येक वेळी निघण्याआधी उभ्या गाडीवर एकदा दोन्ही ब्रेक दाबून घ्या, म्हणजे आज मागचा ब्रेक हाताला आहे की पायाला, हे शरीराला रस्त्यावर जाण्याआधी कळेल.